मासोळीच्या टोपलीतल्या गोळ्या

ज्यांच्या हातात आज टीबीचा रिपोर्ट पडला असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी बरी झाले, हे आधीच सांगून टाकते. आजारी असताना मी असं काही वाचायला घेतलं की आधी शेवटचं पान उघडून बघायची, माणूस वाचला की नाही ते. तुम्हाला तेवढा ताण नको.

माझं नाव प्रज्ञा. मी गडचिरोली आगारात बस कंडक्टर आहे. नवरा विलास मोटारपंप दुरुस्त करतो, चामोर्शी रस्त्यावरच्या आमच्या गावातच त्याचं दुकान आहे. घरात सासू, जिला आम्ही सगळेच माय म्हणतो, आणि आमची मुलगी सम्यका. आजार निघाला त्या वर्षी ती पहिलीत जायची होती.

खोकला

तेव्हा माझी ड्युटी मुलचेऱ्याच्या गाडीवर असायची. रस्त्याचं काम चाललेलं, गाडीत पीठ उडावं तशी धूळ. सगळेच खोकायचे, म्हणून माझ्या खोकल्याचं मला काही वाटलं नाही. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली एक भाजीवाली मावशी रोजची प्रवासी. ती मात्र प्रत्येक वेळी म्हणायची, "दीदी, तुमी दवाई घ्या ना." मी हसून तिकीट फाडायची.

मग आवाज बसला. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. खाकी शर्ट खांद्यावरून उतरायला लागला, तर मला वाटलं, बरं झालं, बारीक झाले. एके दिवशी मुलचेरा स्टँडवर नळाखाली तोंड धुताना रुमालावर लाल दिसलं. पान मी खात नाही. त्या दिवशी परतीची फेरी कशी केली मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी मी थुंकी तपासायला दिली.

रिपोर्ट घ्यायला एकटीच गेले. विलासला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्याडम माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी कागद वाचला, उठून खिडकी पूर्ण उघडली आणि मग माझ्यासमोर बसल्या.

"टीबी आहे. आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा आहे."

"म्हणजे माणूस मरते?"

"म्हणजे दुसऱ्या गोळ्या घ्यायच्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही बऱ्या होणार, पण मधेच सोडायचं नाही."

त्या बरंच काही बोलल्या. माझ्या डोक्यात फक्त एवढंच, की आज संध्याकाळची फेरी कोण करणार.

घरी जायला आमचीच गाडी मिळाली. भास्करभाऊ चालवत होते, इतकी वर्षं आमची जोडी. मी शेवटच्या सीटवर, खिडकीशी, तोंडाला रुमाल बांधून बसले. आरशातून त्यांनी पाहिलं.

"काऊन वो बाई, मांगं काऊन बसल्या? समोर या ना."

मी हातानेच नाही म्हटलं. गावाचा थांबा आला, सगळे उतरले, तेव्हा खाली उतरून त्यांच्या खिडकीपासून लांब उभी राहिले आणि सांगितलं. नवऱ्याच्याही आधी त्यांना. त्यांनी इंजिन बंद केलं.

"मंग म्याही तपासून घेऊ काय?"

"घ्या भाऊ."

"घेतो. आन् बाई, लवकर बऱ्या होऊन या. थो दुसरा कंडक्टर लई चिडचिड करते."

मी त्या थांब्यावर उभी राहून रडले, पण हसूही आलं. त्यांची तपासणी पुढे नीट आली.

घर

घरी सांगितल्यावर मायने काही आरडाओरडा केला नाही. उठली, माझं ताट, पेला आणि वाटी वेगळी काढून न्हाणीजवळच्या फळीवर ठेवली. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे बघत नव्हती. मला राग आला. पण तिच्या माहेरी तिचा एक काका गोठ्याजवळच्या खोलीत वर्षभर खोकून गेला, आणि मुलांना त्या बाजूला जाऊ देत नसत, हे मला माहीत होतं. टीबी म्हणजे तिला ती खोली.

सम्यकाचं काय करायचं, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दुसऱ्या दिवशी माझी बहीण चंद्रपूरहून आली आणि तिला घेऊन गेली. जाण्याआधी तिची तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली. पण घरात राहू देण्याचं धाडस कोणाचं नव्हतं, माझंही नाही. मी अंगणाच्या टोकाला उभी होते.

"आई, तू मले पोचवाले काऊन नाई येत?"

"मले बरं नाई बाळा."

"मंग मी थांबतो ना, तुह्यं डोस्कं दाबून देतो."

बहिणीने तिला उचलून ऑटोत बसवलं. ऑटो वळल्यावर विलास माझ्यावर ओरडला. इतकी वर्षं एकही गोष्ट मोठ्याने न बोललेला माणूस. "किती डाव म्हटलं, दवाखान्यात जाय, दवाखान्यात जाय! गाडी, गाडी, गाडी! आता पाह्य!" मीही काहीबाही बोलले. माय मध्ये पडली नाही. ती मागच्या दारी जाऊन बसली.

विलास त्या दिवसापासून ओसरीवर झोपायला लागला. त्याच्या दुकानात लोक पाणी पिईनासे झाले. हे त्याने मला नंतर, खूप नंतर सांगितलं.

अभ्यास

नवी औषधं सुरू करताना काही दिवस दवाखान्यात राहावं लागतं. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढतात, डोळे बघतात, रक्त तर रोजच घेतात असं वाटतं. वॉर्डात माझ्या शेजारी सिरोंच्याकडची चिन्नक्का होती. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलायची. तिचा कोर्स संपत आला होता, काही तपासणीसाठी ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मी गोळ्या ओकून टाकल्या तेव्हा तिने आपल्या डब्यातली आंबील मला दिली. "आदी हे पी. मग गोळी. उपाशी पोटी गोळी घेतली तर गोळी पोटालाच खाते." डॉक्टरांनीही नंतर काहीतरी खाऊनच घ्या म्हटलं, पण मला आठवते ती आंबील. आणि हेही, की माझ्यासारखंच सगळं भोगलेली ती बाई आरशात बघून वेणी घालत होती. मला वाटलं, म्हणजे याच्या पलीकडे वेणी आहे.

तिथेच एके दुपारी डॉक्टर म्याडमसोबत दुसरे एक डॉक्टर आले. म्हणाले, आम्ही एक अभ्यास करतो आहोत. या आजाराचा उपचार पूर्वी फार लांब चालायचा, रोज इंजेक्शनंही असायची. आता कमी महिन्यांत, फक्त गोळ्यांवर भागतं. पण आमच्यासारख्या जंगलातल्या, लांबच्या गावांत तो उपचार घरी राहून, गावातल्याच एखाद्या शिकवलेल्या माणसाच्या मदतीने नीट पार पडतो का, काय अडतं, कोण मधेच सोडतं आणि का, हे त्यांना बघायचं होतं. मी त्यात येईन का?

विलास माझ्या पायाशी उभा होता. तो एकदम म्हणाला, "साहेब, आमच्यावरच काऊन? आमी जंगलातले म्हणून?"

मला वाटलं आता ते चिडतील. ते नाही चिडले. बाजूच्या रिकाम्या खाटेवर बसले. "प्रश्न बरोबर आहे. शहरात जे चालतं ते इथं चालेलच असं नाही. शहरातला पेशंट रिक्षाने दवाखान्यात येतो. इथं नाल्याला पाणी आलं की गाव तुटतं. इथं बघितलं नाही तर इथल्या लोकांना कायम शहराच्या मापाचाच उपचार मिळेल."

"आन् नाई म्हटलं तं?"

"तरी औषधं मिळतील, दवाखान्यात राहून किंवा येऊन-जाऊन. मधेच नको वाटलं तर अभ्यास सोडता येईल, उपचार सुटणार नाही."

त्यांनी कागद दिला. मी तो दोनदा वाचला. तळपाय बधीर होऊ शकतात, नजर मंदावू शकते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याची भीती वाटली. पण त्यात 'घरी' हा शब्दही होता. मी विलासकडे बघितलं. तो म्हणाला, "तुले काय वाट्टे?"

"मले घरी जायचं हाय."

मी सही केली. खरं सांगायचं तर संशोधनावरच्या प्रेमाने नाही, माझी स्वतःची उशी पाहिजे होती म्हणून केली. पण ज्याने माझ्या नवऱ्याचा प्रश्न बसून ऐकला त्या माणसावर भरवसा बसला, हेही खरं.

सुनंदा

आमच्या गावातून अभ्यासवाल्यांनी सुनंदाला निवडलं होतं. ढिवर मोहल्ल्यातली, माझ्याच वयाची. तिचा नवरा तलावावर जाळं टाकतो, ती मासोळ्या विकते. तिला गडचिरोलीला नेऊन शिकवलं होतं. रोज सकाळी यायचं, गोळ्या आपल्यासमोर घ्यायला लावायच्या, ताप, डोळे, पाय विचारायचे, काही वेगळं दिसलं तर फोन करायचा.

मायला हे मान्य नव्हतं. "रोज घरी आली तं गावाले समजन. पोरीचं लग्न कराचं हाय पुढं." सम्यका पहिलीत, आणि हिला तिच्या लग्नाची काळजी.

सुनंदा हसली. "माय, मी मासोळ्या घेऊन येतो ना. मले पाहून कोणी काय म्हणन? मासोळीवाली आली."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून ती डोक्यावर टोपली घेऊन यायला लागली. वर ओल्या फडक्याखाली झिंगे, कधी मरळ. गोळ्यांचा बंद डबा कमरेच्या पिशवीत असायचा, पण एकदा पाऊस लागला म्हणून तिने तो टोपलीतच ठेवला आणि माझ्या गोळ्यांच्या डब्याला आठवडाभर मासोळीचा वास येत होता. रोज ती टोपली दारात उतरवायची म्हणजे रोज काहीतरी घ्यावं लागायचं. शेजारची वनिता विलासला म्हणाली, "काय बापा, रोजच मासोळी! लॉटरी लागली काय?" मी त्या महिन्यांत जेवढे झिंगे खाल्ले तेवढे जन्मात खाल्ले नव्हते. ताकदीच्या पावडरीचे डबे सगळे सांगतात, पण माझं वजन वाढवलं ते त्या झिंग्यांनी.

पहिला महिना वाईट होता. तोंडात सतत लोखंड चाटल्यासारखी चव. सकाळी गोळ्यांचा ढीग बघूनच मळमळायचं. एकदा मी सुनंदाला म्हटलं, "आज नाई घेत. तू लिही, घेतल्या म्हणून." ती ओसरीवर फतकल मारून बसली. "मी नाई लिहीत. आन् जातही नाई. मासोळ्या सडल्या तं तू भर." दुपार व्हायला आली. माशा घोंगावायला लागल्या. शेवटी मीच वैतागून गोळ्या घेतल्या. ती उठली, फडकं झटकलं आणि म्हणाली, "उद्या येतो."

चप्पल

कागदावर लिहिलं होतं ते तिसऱ्या महिन्यात झालं. मी विलासच्या दुकानापर्यंत चालत गेले होते. परत आले तेव्हा मायने विचारलं, "तुही एक चप्पल कुठी हाय?" मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल नव्हती. कधी निसटली, कुठे निसटली, मला कळलंच नव्हतं. तळव्यातून रक्त येत होतं, काच घुसली होती, आणि दुखत नव्हतं. न दुखण्याची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

सुनंदाला बोलावलं, तिने तेव्हाच दवाखान्यात फोन केला. विलासने मला मोटारसायकलवर मागे बसवलं. रस्ताभर तो एका हाताने माझा गुडघा धरून होता, मी पडेन म्हणून. ओरडण्याच्या दिवसानंतर त्याने मला पहिल्यांदा हात लावला तो असा. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, पायाला तपासण्या केल्या. "लवकर आलात," म्हणाले. हळूहळू पाय परत आले. पूर्ण नाही, थंडीत अजून बोटं सुन्न होतात. पण चप्पल निसटली तर कळते.

तुम्हाला एवढंच सांगते, काहीही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी सांगा. 'गोळीचंच असंल' म्हणून गिळू नका.

माय

पुढच्या तपासणीत माझ्या थुंकीत जंतू दिसले नाहीत. मी विचारलं, "पोरीला आणू?"

डॉक्टर म्याडम म्हणाल्या, "तुमच्याकडून आता हरकत नाही. पण घरातल्या बाकीच्यांचं काय? तुमच्या सासूबाई एकदाही तपासायला आल्या नाहीत."

विलासची तपासणी झाली होती, ती नीट आली होती. माय प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढायची. धान काढायला जायचं आहे, गुडघे दुखतात, उपास आहे. आमच्याकडे कोणी उपास करत नाही. सुनंदाने मला हळूच सांगितलं, "माय गोठ्यात जाऊन खोकते. पदर तोंडात कोंबते. म्या पाह्यलं."

त्याच आठवड्यात अभ्यासवाले हातात धरायचं एक्सरे मशीन घेऊन गावच्या शाळेत आले. विलास मायला न्यायला गेला. "मले का झालं? मी ठणठणीत आहो!" असं म्हणून तिने खाटेचा पाय धरला.

मी तिच्यापुढे बसले. "माय, तू तपासल्याबिगर सम्यका येऊ शकत नाई."

तिने खाटेचा पाय सोडला. पदराने तोंड पुसलं. मग चपला घातल्या आणि आमच्यापुढे चालत शाळेत गेली, मागे न बघता.

फोटोनंतर थुंकीचाही रिपोर्ट आला, तिलाही टीबी निघाला. माझ्यासारखाच, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. आणि फुप्फुसाचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, जुना वाटतो.

त्या संध्याकाळी ती अंगणात बसून राहिली. मी जवळ जाऊन बसले. ती जमिनीवर बोटाने रेघा ओढत होती.

"मले दोन सालापासून हाय खोकला. चुलीचा म्हणत होती मी." मग तिने वर बघितलं. "म्याच देल्ला असंल काय तुले?"

याचं उत्तर डॉक्टरांनाही देता आलं नव्हतं. मी म्हटलं, "गाडीत रोज कितीक लोक बसते माय. कोण देल्ला, कोणाले माहीत?"

"आन् मी तुह्यं ताट अलग ठेवलं."

ती उठली, फळीवरून माझं ताट, पेला, वाटी आणली आणि राखेने घासायला बसली. मी म्हटलं, राहू दे, मी घासते. तिने ऐकलं नाही. पाठमोरी बसून घासत होती आणि मध्येमध्ये खोकत होती. आता पदर तोंडात न कोंबता. तिला लपवायचं काही राहिलं नव्हतं. मलाही तिच्याशी भांडायचं काही राहिलं नव्हतं. इतक्या महिन्यांत मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा हलकं वाटलं, आणि ते असं घरात दुसरा रुग्ण निघाल्यावर वाटावं याचं नवलही वाटलं.

पुढचे महिने आम्ही दोघी सकाळी ओसरीवर शेजारी बसायचो. सुनंदा दोन डबे आणायची. गिळताना माय डोळे घट्ट मिटायची. तिला उलटी झाली की मी पाठ चोळायची, आंबील द्यायची. वनिताला एके दिवशी मायनेच सांगितलं, "मासोळी नाई वो, टीबीच्या गोळ्या घेतो आमी सासू-सुना. तुह्या बुढ्यालेही लई खोकला हाय. दाखव त्याले." वनिता चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी ती सासऱ्याला घेऊन सुनंदाच्या दारात उभी होती.

मायच्या थुंकीतले जंतू गेल्यावर सम्यका आली. दारातून आत आली आणि आधी आजीकडे धावली, मग माझ्याकडे. मला काहीच वाईट वाटलं नाही. विलासने ओसरीवरचं अंथरूण गुंडाळून आत आणलं.

गडचिरोलीची बैठक

माझा कोर्स संपला, मी ड्युटीवर रुजू झाले. काही महिन्यांनी मायचाही संपला. त्यानंतर अभ्यासवाल्यांनी गडचिरोलीला एक बैठक ठेवली. ज्यांनी गोळ्या घेतल्या ते, गावोगावच्या सुनंदा, आणि डॉक्टर. आम्हाला काय कळलं ते सांगतो, आणि तुम्हाला काय अवघड गेलं ते तुम्ही सांगा, असं म्हणाले.

आधी मी पायाचं सांगितलं. भामरागडकडचा एक माणूस नदीला पूर आल्यावर गोळ्या संपल्या ते बोलला. आणि माझ्या शेजारून माय उठली. आयुष्यात ती कधी सभेत बोलली नव्हती. लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"गोळी लई मोठी हाय, लहान करा," ती म्हणाली. लोक हसले, डॉक्टरही हसले. ती नाही हसली. "आन् दुसरं. घरात कोणाले निंगालं तं पहिले म्हातारीले तपासा. तुम्ही जवान लोकाले पाहता. म्हातारी सांगत नाई. तिले वाट्टे, आता माह्यं काय. पण तिच्याजवळ लेकरू झोपते."

ज्या डॉक्टरांनी विलासचा प्रश्न बसून ऐकला होता, ते मान खाली घालून लिहीत होते. माय खाली बसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "गलत बोलली काय मी?"

"नाई माय."

बाहेर पडलो तेव्हा दुपार टळली होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात कोथिंबिरीची गरम सांबारवडी निघत होती. आम्ही बसलो. मायने पहिली प्लेट संपवली, सोबतची तिखट तर्रीही पिऊन टाकली, घाम पुसला.

मग ताटली पुढे सरकवून म्हणाली, "भूक लागली वो प्रज्ञा. आणखी एक सांग."